विश्लेषण : बुडालेले जहाज किती खोल जाते? तळ गाठते की मध्येच तरंगत राहते?

१० नोव्हेंबर १९७५. अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवरील लेक सुपिरिअर या सरोवरात वादळ सुरू होते. लोहखनिजाच्या गोळ्या घेऊन निघालेले ‘एडमंड फिट्झगेराल्ड’ हे मालवाहू जहाज संध्याकाळी मागच्या जहाजाच्या रडारवरून अचानक दिसेनासे झाले. त्यावरील २९ जणांपैकी कोणीही वाचले नाही.

जहाजाची लांबी होती ७२९ फूट आणि तिथे पाणी होते ५३० फूट खोल. म्हणजे ते टोकावर उभे केले असते, तर जवळपास २०० फूट भाग पाण्याबाहेर राहिला असता. तरीही त्या २९ पैकी एकाचाही मृतदेह वर आणता आला नाही. असे का होते? बुडालेली जहाजे नेमकी किती खोल असतात?

जहाज मध्येच अडकते का?

खोल पाण्याचा दाब इतका असतो की जहाज तळापर्यंत पोहोचत नाही, मध्येच लटकत राहते, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. दर १० मीटरला दाब साधारण एका वातावरणाने वाढतो, हे खरे. पण पाणी फारसे दाबले जात नाही. चार किलोमीटर खोलीवरही त्याची घनता दोन टक्क्यांहून कमीच वाढते. पोलादाची घनता मात्र पाण्याच्या जवळपास आठ पट असते. आतली हवा निघून गेली की जहाज थेट तळ गाठते.

कोणते जहाज किती खोल?

• वासा (स्टॉकहोम बंदर, १६२८) : ३२ मीटर
• लुसिटानिया (आयर्लंडजवळ, १९१५) : सुमारे ९३ मीटर
• एडमंड फिट्झगेराल्ड (लेक सुपिरिअर, १९७५) : सुमारे १६० मीटर
• एन्ड्युरन्स (अंटार्क्टिकाजवळील वेडेल समुद्र, १९१५) : ३,००८ मीटर
• टायटॅनिक (उत्तर अटलांटिक, १९१२) : सुमारे ३,८०० मीटर
• सॅम्युएल बी. रॉबर्ट्स (फिलिपिन्सजवळ, १९४४) : ६,८९५ मीटर

यातील शेवटची अमेरिकी युद्धनौका २०२२ मध्ये सापडली. तेव्हा ती ओळख पटलेले सर्वात खोल जहाज ठरली. टायटॅनिकची खोली मात्र वाटते तितकी वेगळी नाही, कारण महासागरांची सरासरी खोलीच सुमारे ३,७०० मीटर आहे.

इतक्या खोल शोध कसा लागतो?

रेडिओ लहरी आणि जीपीएस पाण्याखाली चालत नाहीत. तिथे कामी येतो आवाज. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो. त्यामुळे टायटॅनिकच्या ठिकाणी जहाजावरून सोडलेला ध्वनी तळावर आदळून परत यायला पाच सेकंद लागतात. या वेळेवरून सोनार खोली काढते. जगात सुमारे ३० लाख जहाजे पाण्याखाली असावीत, असा युनेस्कोचा अंदाज आहे. समुद्रतळाचा मात्र सुमारे चतुर्थांश भागच नीट मोजला गेला आहे. बेपत्ता ‘एमएच३७०’ विमानाच्या शोधात हिंदी महासागराच्या तळाशी एकोणिसाव्या शतकातील जहाजांचे अवशेष अनपेक्षितपणे हाती लागले, ते यामुळेच.

खोल म्हणजे सुरक्षित?

नेहमीच नाही. लाकूड टिकेल की नाही, हे खोलीपेक्षा पाण्यावर ठरते. काळ्या समुद्राच्या खोल पाण्यात प्राणवायूच नाही. म्हणून तिथे दोन किलोमीटरहून खोल असलेले सुमारे २,४०० वर्षांपूर्वीचे ग्रीक जहाज डोलकाठीसह सापडले. वासाही बाल्टिकच्या कमी खारट पाण्यात, लाकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून वाचले आणि १९६१ मध्ये वर काढता आले. टायटॅनिकचे पोलाद मात्र ३,८०० मीटरवरही जिवाणू खात आहेत.

लेक सुपिरिअरचे पाणी इतके थंड आहे की मृतदेह कुजून वायू तयार होण्याची प्रक्रियाच मंदावते. त्यामुळे ते फुगून वर येत नाहीत.

मुंबईसमोर काय स्थिती?

मुंबईसमोरचा समुद्रतळ बराच दूरपर्यंत उथळ आहे. किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवरील मुंबई हाय परिसरातही पाणी साधारण ७५ मीटरच, म्हणजे मच्छीमारांच्या भाषेत चाळीसेक वाव. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळात ‘पी-३०५’ हा तराफा याहून किनाऱ्याजवळ बुडाला. त्यावर २६१ जण होते. बेपत्ता लोकांच्या शोधासाठी नौदलाने सोनार असलेले ‘आयएनएस मकर’ आणि पाणबुडे पाठवले. टायटॅनिकच्या खोलीवर माणूस पोशाख घालून उतरूच शकत नाही. तिथे जाणारी ‘टायटन’ पाणबुडी जून २०२३ मध्ये दाबाने चिरडली आणि पाच जणांचा मृत्यू झाला.

मग फिट्झगेराल्ड वर का काढत नाहीत?

प्रश्न फक्त तंत्रज्ञानाचा नाही. अनेक कुटुंबांसाठी ती कबर आहे. परवानगीशिवाय तिथे जाण्यास कॅनडातील ओंटारिओ प्रांतात बंदी आहे. कुटुंबीयांच्या इच्छेनुसार १९९५ मध्ये जहाजाची घंटा तेवढी वर आणली गेली. तिच्या जागी २९ जणांची नावे कोरलेली नवी घंटा खाली ठेवण्यात आली. मूळ घंटा आता मिशिगनमधील संग्रहालयात आहे. दर १० नोव्हेंबरला ती २९ वेळा वाजवली जाते. आणि त्यानंतर आणखी एकदा, या सरोवरांत बुडालेल्या बाकी सगळ्यांसाठी.