इटलीतले तीन बनावट अर्ज

परदेशात फिरायला गेलो असताना तिथे आजारी पडलो, त्या उपचाराचा खर्च परत कसा मिळेल? नुकत्याच शाळा संपवलेल्या भावाला धंदेशिक्षण कुठे घेता येईल? शेतात नवं पीक करून बघायचंय, कर्ज किंवा अनुदान आहे का? जानेवारी १९८३मध्ये इटलीतल्या प्रत्येक प्रादेशिक सरकारकडे हे तीन प्रश्न टपालाने गेले. आजारी प्रवासी, भाऊ, शेतकरी, सगळेच काल्पनिक. पाठवणारे होते राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट पटनम आणि त्यांचे सहकारी.

उत्तरेतल्या एमिलिया-रोमान्यातून दोन उत्तरं आठवड्याभरात आली, तिसरं एका फोनवर मिळालं. दक्षिणेकडच्या कालाब्रिया, कांपानिया, सार्डिनियाकडून एकाही पत्राला उत्तर नाही. पुन्हा पुन्हा फोन, कित्येक आठवडे, शेवटी माणूस कचेरीत जाऊन उभा राहिला तेव्हा काम झालं. (सरकारी टेबलापुढे उभं राहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.)

विशेष दर्जाचे पाच प्रदेश आधीपासून होते. उरलेली १५ सरकारं इटलीने १९७०मध्ये एकदमच उभी केली. कागदावर रचना सारखी, अधिकारही सारखे. मग फरक कशाने पडला? पटनम यांनी वीस वर्षं अंदाजपत्रक वेळेवर होतं का, पाळणाघरं किती उघडली, असे बारा निकष लावून पाहिले. नुसत्या श्रीमंतीने कोडं सुटेना. जिथे गायनमंडळं, फुटबॉल क्लब, वर्तमानपत्रं वाचणारी घरं जास्त, तिथलं सरकार चांगलं चालत होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कालाब्रिया कारखानदारीत एमिलिया-रोमान्याच्या मागे नव्हता. पुढे मात्र दोघांत मोठी दरी पडली. लोकांच्या एकत्र येण्याच्या सवयीतून समृद्धी येते, असं पटनम यांनी १९९३च्या पुस्तकात मांडलं.

इथवर पटतं. पण या सवयीची मुळं ते थेट मध्ययुगात नेतात: उत्तरेत स्वायत्त नगरं, दक्षिणेत नॉर्मन राजांची एकहाती सत्ता. मधली सातशे-आठशे वर्षं अशी ओलांडणं मला धाडसाचं वाटतं. राज्यशास्त्रज्ञ सिडनी टॅरो यांनीही हरकत घेतली. १८६१मधल्या इटलीच्या एकीकरणानंतर दक्षिणेचा कारभार उत्तरेकडच्या राज्यकर्त्यांनी हाकला, त्या राज्ययंत्रणेचा वाटा कुठे गेला?

गंमत म्हणजे पटनम यांच्याच मुलाखतींत सवयी बदलल्याचीही नोंद आहे. १९७०च्या आसपास विरोधी पक्षाकडे संशयाने पाहणारे प्रादेशिक परिषदांचे सदस्य १९८९पर्यंत रस्ते आणि दवाखान्यांवर व्यवहाराने बोलू लागले होते, आणि दक्षिणेतलेही त्याला अपवाद नव्हते.