हुकूम तहकूब ठेवणारे कारकून

प्रौढ मेंदूत जी चेतापेशी मेली ती मेलीच, तिच्या जागी दुसरी जन्माला येत नाही, हा स्पेनच्या सान्तियागो रामोन इ काहालने विसाव्या शतकाच्या आरंभी दिलेला निवाडा शरीरशास्त्राने इतका शिरोधार्य मानला, की 1965 साली जोसेफ आल्टमन व गोपाल दास यांनी उंदरांच्या हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागात जन्मानंतरही नव्या चेतापेशी तयार होतात असे दाखवले, तरी त्यांची दाद फारशी कोणी घेतली नाही. 1998 साली मानवी मेंदूतूनही तसाच पुरावा पुढे आला. माणसापुरता तो वाद अजून निकालात निघालेला नाही. उंदरांपुरता मात्र तो मिटला आहे, आणि पुढील हकीकतही बव्हंशी त्यांचीच आहे.

नव्या चेतापेशी मेंदूतील मूलपेशींतून घडतात, आणि त्या केव्हा घडायच्या हे कसे ठरते ते पाहायला आधी जनुकांकडे वळले पाहिजे. जनुक म्हणजे सनद व प्रथिन म्हणजे तिची अंमलबजावणी, एवढे आपण शाळेत शिकतो. परंतु सनदेची जी नक्कल आरएनएच्या रूपाने दफ्तराबाहेर पडते, तिच्यावर ताबडतोब अंमल होतोच असे नाही. वाटेत आरएनएला चिकटणारी प्रथिने ठाण मांडून असतात, आणि कोणती नक्कल पुढे धाडायची, कोणती दडपून ठेवायची व कोणती नष्ट होऊ द्यायची, हे पुष्कळदा तीच ठरवतात. कचेरीत खेटे घातलेल्या वाचकाला ही व्यवस्था समजावून सांगायला नको.

या प्रथिनांपैकी एकाचे नाव मुसाशी. जपानच्या हिदेयुकी ओकानो व त्यांच्या सहकाऱ्यांना 1994 साली, त्याच्या जनुकात बिघाड असलेल्या फळमाशीच्या अंगावर, जिथे स्पर्श जाणणारा एकच राठ केस असायचा तिथे जोडीने उगवलेले दोन केस दिसले, आणि दोन्ही हातांत तलवारी घेऊन लढणारा सामुराई मियामोतो मुसाशी त्यांना आठवला. शास्त्रज्ञ अरसिक असतात असे म्हणणाऱ्यांनी हे बारसे ध्यानात ठेवावे! उंदराच्या मेंदूतील मूलपेशींत हेच मुसाशी ‘नंब’ नावाच्या प्रथिनाच्या आरएनएला शेपटाकडून धरून ठेवते व त्याचे प्रथिन होऊ देत नाही. मूलपेशीला मूलपेशीच ठेवणारी जी ‘नॉच’ नावाची संदेशयंत्रणा, तिचा नंब हा विरोधक. म्हणून नंबचा हुकूम तहकूब आहे तोवर पेशी आपली विभागत राहते, आणि मुसाशी ओसरले की चेतापेशीच्या वाटेला लागते.

कारकूनच गैरहजर असला तर कामे भराभर उरकतील, असे कोणाला वाटेल. फ्रॅजाइल एक्स या आनुवंशिक बौद्धिक व्यंगात एफएमआरपी हे असेच अडवणूक करणारे प्रथिन नसते. ते नसलेल्या उंदरांत मूलपेशींची संख्या वाढली खरी, पण त्यांतून चेतापेशी कमी निपजल्या आणि ग्लिया या आधारपेशींचीच भरती झाली. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत एफएमआरपी केवळ प्रौढ उंदरांच्या मूलपेशींतून काढून घेतले, तेव्हा हिप्पोकॅम्पसच्या आधाराने जे शिकायचे त्यात ते उंदीर मागे पडले. आणि ज्यांच्या अंगी ते नव्हते अशा उंदरांच्या फक्त या मूलपेशींत ते परत आणले, तेव्हा उरलेला सारा मेंदू होता तसाच असूनही ते शिकू लागले.