घळीतली वाट आणि वरचा माणूस

डोंगर चढायला निघालेल्या माणसाला निसर्गाने एक मोठी सवलत देऊन ठेवली आहे. दम लागला, पाय कुरकुरू लागले, आभाळ भरून आले, की त्याने पाठ फिरवावी आणि उतरू लागावे. घर उताराच्या बाजूला असते. घळीचा कायदा याच्या नेमका उलट. तेथे सकाळी ताज्या पायांनी हसतखेळत खाली जायचे आणि अंगातले त्राण संपत आल्यावर वर यायचे. म्हणूनच घळीतल्या चालीचा बेत शिखराच्या बेताहून कठीण. गेले आठ महिने आमच्या घरात असाच एक बेत शिजतो आहे. तो करता करता जे उमगले ते या दिवाळीत वाचकांपुढे ठेवावे, असे मनात आले.

घळ आहे फ्रान्सच्या दक्षिणेला, प्रोव्हाँस भागात. व्हेर्दाँ नावाच्या हिरव्यागार पाण्याच्या नदीने चुनखडीचे पठार कापून ती केली आहे. लांबी सुमारे २५ किलोमीटर आणि खोली जागोजाग ७०० मीटरपर्यंत. सिंहगडाचा पायथा ते माथा ही चढण डोळ्यांपुढे आणा आणि ती उलटी करून जमिनीत खोचा, म्हणजे कल्पना येईल. माझा पुतण्या नोकरीनिमित्त मार्सेय शहरात असतो. त्याने तिथली छायाचित्रे पाठवली आणि खाली एवढेच लिहिले, “काका, बाबांना घेऊन या.” त्याचे बाबा म्हणजे माझा थोरला भाऊ, आमचा दादा. राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगडाची नळीची वाट, सगळे मी त्याच्याच पावलावर पाऊल टाकून केलेले. पंचवीस वर्षांत पुढे तो आणि मागे मी, हा क्रम कधी चुकला नाही.

आपला सह्याद्री काळ्या दगडाचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. पाणी त्याला झिजवते, पण विरघळवू शकत नाही. चुनखडीची जात वेगळी. दिवाळीच्या आधी आपल्या आजोबांच्या घरातल्या भिंतींना जो चुना दिला जाई आणि पानाला आपण जो लावतो, तो हाच दगड भाजून काढलेला. व्हेर्दाँचे कडे म्हणजे एका प्राचीन समुद्राचा तळ. शंखशिंपल्यांचा आणि प्रवाळांचा तो थर पुढे उचलला गेला. पावसाचे पाणी हवेतला कर्बवायू शोषून किंचित आंबट होते आणि असा दगड हळूहळू खाते. त्यामुळे तेथे गुहा होतात, भेगा रुंदावतात. आँब्यु नावाच्या जागी तर प्रचंड शिळांच्या खाली शिरून नदीच दिसेनाशी होते. आँब्यु म्हणजे तिकडच्या जुन्या बोलीत नरसाळे!

चालणाऱ्याच्या दृष्टीने यातून दोन गोष्टी निघतात. एक, हजारो पावलांनी घासलेली चुनखडी आरशासारखी गुळगुळीत होते, आणि पाऊस पडला की आपल्या शेवाळी पायऱ्यांची बहीण शोभते. दुसरी, पाणी खडकात मुरते, म्हणून वाटेवर पिण्याच्या पाण्याचा भरवसा धरता येत नाही. दर माणशी तीन लिटर पाठीवर घेऊनच उतरायचे, असे आम्ही ठरवले आहे.

या घळीत माणसे कशी उतरली, ही गोष्ट मला मास्तर म्हणून विशेष प्रिय आहे. एदुआर आल्फ्रेद मार्तेल हा पेशाने वकील, पण छंदाने गुहा धुंडाळणारा. गुहांच्या शास्त्राचा तो जनकच मानला जातो. ऑगस्ट १९०५ मध्ये होड्या, दोर आणि सोबती घेऊन त्याने ही घळ आरपार पार केली. तीन दिवसांहून अधिक काळ तो खाली होता. त्या सोबत्यांत एक होता इझिदोर ब्लां, घळीच्या काठावरच्या रुगाँ गावाचा शाळामास्तर. मार्तेलला पाण्याचे शास्त्र ठाऊक होते, तर ब्लांला तिथला परिसर. पुढे १९३० च्या सुमारास फ्रान्सच्या प्रवासी मंडळाने, म्हणजे तूरिंग क्लबाने, येथे पायवाट केली. आज ती ‘ब्लां-मार्तेल’ वाट म्हणून ओळखली जाते. मास्तराचे नाव आधी आणि शास्त्रज्ञाचे नंतर! जगात असा न्याय क्वचितच होतो.

ही वाट सुमारे १५ किलोमीटरची आहे. मालीन नावाच्या विश्रामगृहापासून उतरायचे, नदीच्या कडेकडेने जायचे आणि पुन्हा वर चढून ‘प्वँ सुब्लीम’ या सज्जासारख्या जागी बाहेर पडायचे. चालायला सहा ते सात तास लागतात. दोन टोके रस्त्याने लांब पडतात, म्हणून गाडी कोठे ठेवायची हा पहिला प्रश्न येतो. आम्ही ती शेवटच्या टोकाशी ठेवणार आहोत आणि सकाळी भाड्याच्या गाडीने मालीनला जाणार आहोत. दमलेल्या माणसाला संध्याकाळी घड्याळाकडे पाहत धावावे लागू नये, हा हेतू.

दिवस निवडले ते मे महिन्याच्या अखेरचे. महाविद्यालयाला सुट्टी असते, जुलै-ऑगस्टची भट्टी पेटलेली नसते आणि संधिप्रकाश नऊ वाजेपर्यंत पुरतो. दिवाळीच्या सुट्टीत तेथे दिवस आखूड असतो. घळीत ऊन उशिरा येते आणि लवकर जाते, म्हणून ती सुट्टी बाद केली.

वाटेवर तीन जागा ध्यानात ठेवायच्या. पहिली नदीचा काठ. वरच्या अंगाला कास्तियोन आणि शोदान ही विजेची धरणे आहेत. आभाळ निरभ्र असतानाही पाणी सोडले की नदी एकाएकी चढते. पाणी घोट्याएवढे दिसले म्हणून पलीकडे जायचे नाही, आणि डबा खायला बसायचे तर उंच जागीच. दुसरी जागा शेवटाकडचे बोगदे. विसाव्या शतकाच्या आरंभी पाणी वळवून नेण्यासाठी ते खोदायला घेतले आणि काम अर्ध्यावर राहिले. लांब बोगदा ६७० मीटरचा आहे. आत मिट्ट काळोख आणि पायाखाली डबकी. प्रत्येकाजवळ स्वतंत्र विजेरी हवी. मोबाइलच्या दिव्यावर विसंबणे म्हणजे परीक्षेला शाईचा थेंब शिल्लक असलेले पेन नेणे.

तिसरी जागा सर्वांत महत्त्वाची, ती म्हणजे इम्बेरची खिंड. वाटेच्या साधारण मध्यावर, कड्याच्या फटीतून लोखंडी जिना उतरतो. त्याच्या पायऱ्या २५२. नकाशा पाहताना माझे बोट तेथेच थांबे. जिना उतरण्यापूर्वी परत फिरणे सोपे आहे. उतरल्यावर परत फिरायचे तर त्या २५२ पायऱ्या चढाव्या लागतील आणि वर मालीनची चढण. म्हणून नियम केला, की साडेबाराच्या आत खिंडीत पोचलो, प्रत्येकाजवळ निम्म्याहून अधिक पाणी उरले आणि कोणाचाही गुडघा तक्रार करीत नसला, तरच पुढे. निर्णय तेथे घ्यायचा नाही; तो येथे, घरी, जेवणाच्या टेबलावर घेऊन टाकायचा. कड्याच्या टोकाशी उभ्या असलेल्या माणसाला उत्साह असतो, विवेक असेलच असे नाही.

हा नियम लिहिताना माझ्या मनात एकच गुडघा नव्हता. एक हृदयही होते. दोन वर्षांपूर्वी दादाची अँजिओप्लास्टी झाली. त्याच्या हृदयात दोन स्टेंट आहेत. तो रोज पाच किलोमीटर चालतो, गोळ्या वेळेवर घेतो आणि आपल्याला काही झालेच नव्हते अशा थाटात वावरतो. आम्ही नकाशा घेऊन डॉक्टरांकडे गेलो. ‘जाऊ नका’ असे ते म्हणालेच नाहीत. त्यांनी चष्मा वर करून नकाशा पाहिला आणि विचारले, “सर्वांत खोल जागेपासून बाहेर पडायला किती वेळ लागतो?”

मी म्हटले, “तीन तास.”

“आणि खाली फोन लागतो?”

“भरवसा नाही.”

ते आणखी काही बोलले नाहीत. दादाही बोलला नाही. चार दिवस तो आमच्याकडे फिरकला नाही. सौ. म्हणाली, “अहो, आपण हा बेत सोडूनच देऊ या. भाऊजींना मागे ठेवून जायचे म्हणजे घास घशाखाली उतरणार नाही.” मलाही तसेच वाटू लागले होते.

पाचव्या दिवशी दादा आला तो नकाशा घेऊनच. त्याने त्यावर लाल पेन्सिलीने वेळा मांडल्या होत्या. म्हणाला, “बेत सोडलात तर मला खरोखरच आजारी केलंत असं समजेन. तुम्ही तिघं चाला. मी वर राहतो. पण बेत माझा.” मग थोडे थांबून म्हणाला, “अरे, वर कोणी वाट पाहणारं नसेल तर खाली जाण्यात काय शहाणपण?”

पंचवीस वर्षे पुढे चालणाऱ्या माणसाने एका वाक्यात स्वतःची जागा बदलून घेतली. मला उत्तर सुचले नाही. मी चहा सांगितला.

त्या दिवसापासून आमच्या बेताला खरा आकार आला. मुक्काम रुगाँ गावात, म्हणजे त्या शाळामास्तराच्याच गावात. तिघे सकाळी साडेसातला मालीनहून उतरणार. दादा आणि वहिनी दुपारी चारपासून प्वँ सुब्लीमला थांबणार. तेथे १९९९ पासून पुन्हा आणून सोडलेली गिधाडे कड्यांवर घिरट्या घालताना दिसतात, तेव्हा वेळ चांगला जाईल. सहापर्यंत काळजी करायची नाही. सात वाजले की ११२ हा क्रमांक फिरवायचा. तिकडे संकटकाळी सर्वत्र तोच चालतो. दादाला फ्रेंच येत नाही, म्हणून चार वाक्ये मी देवनागरीत लिहून दिली आहेत: माणसे किती, कोणत्या वाटेने, केव्हा निघाली, कोण अजून आले नाही. वहिनी पोळ्या लाटताना ती मोठ्याने म्हणतात. त्यांचे उच्चार माझ्याहून शुद्ध आहेत, असा पुतण्याने फोनवर निर्वाळा दिला आहे.

रविवारी आम्ही सिंहगड करतो, पण आता लक्ष चढण्याकडे नसून उतरण्याकडे असते. उताराचा भार गुडघ्यांवर आणि मांड्यांवर येतो, आणि तो सराव जिम्यात होत नाही. पाठीवर तीन लिटर पाणी घेऊन भरभर उतरलो, की दादा पायथ्याशी घड्याळ लावून उभा असतो. उशीर झाला तर तो रागावतो. ते रागावणे मला फार बरे वाटते.

वाचकहो, अवघड वाटेला निघताना आपण बूट पाहतो, पाठपिशवी पाहतो, हवामान पाहतो. ते पाहावेच. पण त्याआधी दोन प्रश्न विचारावेत. परत फिरण्याची शेवटची जागा कोणती? आणि आपण किती वाजता बाहेर यायचे हे ठाऊक असलेला माणूस वर कोण आहे? या दोहोंची उत्तरे कागदावर लिहून झाली, की बेत झाला. बाकी चालायचे तेवढे राहते.