कॉफी आणि पेशींची तटबंदी

परीक्षा जवळ आली की वसतिगृहाच्या खोल्याखोल्यांतून कॉफीचा वास येऊ लागतो. कॉफीने झोप उडते, एवढे सर्वांनाच ठाऊक असते. हे काम कॅफिनचे. रुंगे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ते १८१९ मध्ये वेगळे केले. परंतु कॅफिन म्हणजे सारी कॉफी नव्हे. तिच्यातील इतर काही द्रव्यांचा आपल्या पेशींच्या संरक्षणाशी संबंध आहे. तो कसा, हे पाहू.

प्राणवायूच्या साहाय्याने पेशीत अन्नाचे ज्वलन होते, तेव्हा अल्प प्रमाणात ‘मुक्त मूलके’ निर्माण होतात. ही फार उतावळी असतात. स्निग्ध पदार्थ, प्रथिने, डीएनए, जे भेटेल त्याची ती मोडतोड करतात. त्यांना आवरणाऱ्या द्रव्यांस प्रतिऑक्सिडीकारके म्हणतात. कॉफीतील क्लोरोजेनिक आम्ल हे त्यांपैकी एक. ते आपल्या वांग्यातही असते. चिरलेली फोड काळी पडते ती मुख्यतः त्याच्यामुळेच.

हे आम्ल परीक्षानळीत मुक्त मूलकांचा थेट समाचार घेते. शरीरात मात्र त्याचा थोडाच भाग रक्तात जातो, आणि तोही बहुतांशी रूप पालटून. मग उपयोग होतो कसा?

उत्तर समजण्यास आपला भुईकोट किल्ला आठवावा. १५९६ च्या वेढ्यात मोगलांनी सुरुंगाने तटाला खिंडार पाडले आणि चांदबिबीने ते रातोरात बांधून घेतले. कुमक बाहेरून आली नाही, आतलेच हात कामाला लागले. पेशीचेही तसेच आहे. एनआरएफ-२ नावाचे प्रथिन हा तिचा किल्लेदार. एरव्ही कीप-१ हे दुसरे प्रथिन त्याला धरून ठेवते व नष्ट करवते. कॉफीतील कॅफेस्टॉल व काहवेओल ही तैलद्रव्ये, तसेच क्लोरोजेनिक आम्लापासून बनणारी काही द्रव्ये, कीप-१ ला किंचित डिवचतात. पकड सुटते. एनआरएफ-२ पेशीकेंद्रकात जाऊन जनुकांना हुकूम देते आणि ग्लुटाथायोन व विषहारक एन्झाइमे अधिक तयार होऊ लागतात. कीप-१ ची ही कामगिरी जपानी संशोधकांनी १९९९ मध्ये उघड केली. म्हणजे कॉफी शत्रूला मारीत नाही. ती पहारेकऱ्यांना जागे करते.

मात्र यातील बरेच प्रयोग पेशींवर व उंदरांवर झालेले आहेत. प्रतिऑक्सिडीकारक जितके अधिक तितके बरे, असेही नाही. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्यांना बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या दिल्या, तेव्हा फुप्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजी वाढला, असे १९९४ मध्ये आढळले.

कॉफीलाही दुसरी बाजू आहे. कॅफेस्टॉलमुळे रक्तातील कोलेस्टेरॉल वाढते. कागदी गाळणीत ते बरेचसे अडकते. जेवणाबरोबर घेतलेली कॉफी अन्नातील लोहाचे शोषण कमी करते. आपल्याकडे कित्येक मुलींच्या अंगात रक्त कमी असते. त्यांनी जेवण व कॉफी यांत तासाभराचे अंतर ठेवावे. निरोगी प्रौढाने दिवसाकाठी ४०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक कॅफिन घेऊ नये. गरोदर स्त्रीसाठी ही मर्यादा २०० आहे.

रात्री दहाला घेतलेल्या कॅफिनपैकी सुमारे निम्मे पहाटे तीनलाही शरीरात असते. झोपेतच शरीराची पुष्कळशी डागडुजी चालते. तेव्हा पहारेकऱ्यांना जागे करण्याच्या नादात गवंड्यांना सुट्टी देऊ नये. कॉफी सकाळी प्यावी, साखर बेताची घालावी आणि रात्री झोपावे.