अफूचे शेत आणि बंदीचा कायदा

फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्या जिल्ह्यातील तामलवाडी येथे पोलिसांनी मेफेड्रोन ऊर्फ एम. डी. ही अमली पूड पकडली आणि तपासाचे धागे तुळजापुरात जाऊन पोचले. आरोपींची संख्या तीसच्या वर गेली. खटल्याविषयी बोलण्याचा अधिकार न्यायालयाचा. तो विषय मी येथे घेत नाही. परंतु त्या दिवसांत एक वाक्य चहाच्या टपरीपासून वर्गापर्यंत ऐकू येत होते : ‘कडक बंदी घाला, म्हणजे सारे थांबेल.’ बंदीने काय थांबते आणि काय थांबत नाही, हे समजून घ्यावयाचे तर युद्धाने मोडलेल्या देशांकडे पाहावे लागते. कारण बंदीचे सर्वांत कठोर प्रयोग तेथेच झाले आहेत.

अफगाणिस्तानचेच उदाहरण घेऊ. १९७९ साली सोव्हिएत फौजा तेथे शिरल्या. पुढच्या युद्धात पाटपाण्याची साधने उद्ध्वस्त झाली, फळबागा गेल्या, रस्ते असुरक्षित झाले. द्राक्षे बाजारात पोचेपर्यंत नासतात. अफूचा चीक मात्र वर्षानुवर्षे टिकतो, थोड्या पाण्यावर येतो आणि व्यापारी तो बांधावरून उचलून नेतो. शिवाय तोच व्यापारी पेरणीच्या वेळी आगाऊ पैसे देतो. अर्थात, भाव पाडून. सावकाराच्या दारात उभे राहण्याचा अर्थ दुष्काळी भागातल्या आपल्याला निराळा सांगावयास नको. बँक नाही, सोसायटी नाही, बाजार समिती नाही, अशा मुलखात अफू हेच पीक, तेच तारण आणि तीच बचत. त्या पिकावर दहावा हिस्सा वसूल करणाऱ्या सशस्त्र टोळ्यांचेही त्यावरच भागते. युद्धामुळे अफू वाढते आणि अफूवर युद्ध पोसते, असे हे चक्र आहे.

२००० साली तालिबानने लागवडीवर बंदी घातली. त्या वर्षी सुमारे ३,३०० टन असलेले उत्पादन २००१ मध्ये १८५ टनांवर आले. जगाने वाहवा केली. परंतु शेतकऱ्यांचे कर्ज अफूच्या वजनात फेडावयाचे होते आणि अफूचा भाव तर दसपटीच्या घरात गेला. साहजिकच कर्जही त्याच प्रमाणात फुगले. राजवट पडताच शेते पुन्हा फुलली आणि २००७ मध्ये उत्पादन ८,२०० टनांवर गेले.

एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा बंदी आली. संयुक्त राष्ट्रसंघाच्या पाहणीनुसार २०२३ मध्ये लागवड २,३३,००० हेक्टरांवरून १०,८०० हेक्टरांवर उतरली. त्याच वेळी शेतकऱ्यांचे अफूपासूनचे उत्पन्न १३६ कोटी डॉलरवरून ११ कोटींवर घसरले. आणि धंदा? तो थांबला नाही, सरकला. २०२१ च्या लष्करी उठावानंतर यादवीत सापडलेला म्यानमार २०२३ मध्ये १,०८० टन उत्पादनासह जगात पहिला आला.

याउलट आपल्याकडे पाहा. २०१२ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यात, परळी तालुक्यात अफूची बेकायदा शेती उघडकीस आली. दुष्काळ तोच, कर्जही तेच. तरीही अफू हे काही मराठवाड्याचे पीक झाले नाही. आपल्या शेतकऱ्याचे हाल कमी आहेत असे नाही. पण येथे सात-बारावर पीकपेरा नोंदला जातो, तलाठी आणि पोलीस गावात येतात, आणि अपुरे का होईना, पीककर्ज मिळते. मध्य प्रदेशातील नीमच-मंदसोर भागात तर सरकारच परवाने देऊन औषधासाठी अफू पिकविते व विकत घेते. म्हणजे फरक झाडात नसून व्यवस्थेत आहे.

आता धंद्याचे रूपही पालटले आहे. एम. डी.ला शेत लागत नाही, रसायने आणि बंद शेड पुरते. ऑक्टोबर २०२३ मध्ये सोलापूरजवळच्या चिंचोली औद्योगिक वसाहतीत असा कारखाना सापडला होता. अंमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्यात मेफेड्रोनचा समावेश २०१५ साली झाला. ५० ग्रॅमपेक्षा अधिक साठा सापडल्यास दहा ते वीस वर्षे सक्तमजुरी आहे. त्याच कायद्याचे कलम ६४-अ मात्र फारसे कोणाला ठाऊक नाही. स्वतःपुरते सेवन करणारा किंवा अल्प मात्रा बाळगणारा व्यसनी स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत उपचारास गेला, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर ही सवलत काढून घेता येते.

माझ्या मते आपल्या महाविद्यालयाच्या दृष्टीने या कलमाचे मोल मोठे आहे. कंदाहारच्या शेतकऱ्याला बंदीबरोबर कर्ज आणि बाजार हवा होता. आपल्यापैकी कोणी या पुडीच्या नादी लागला असेल, तर त्याला धाकाबरोबर दवाखान्याची वाट हवी आहे. ती वाट कायद्याने खुली ठेवली आहे, एवढे तरी त्याच्या कानी घालणे मित्रांच्या आणि प्राध्यापकांच्या हाती आहे.