चिन्हमाला, संगणकीय

संगणकाच्या आज्ञावलीतील अक्षरे, अंक व विरामचिन्हे यांची क्रमवार मांडणी म्हणजे चिन्हमाला किंवा स्ट्रिंग. जावा (१९९५) या वस्तुकेंद्री भाषेत चिन्हमाला ही एक वस्तू असून लांबी मोजणे, तुकडा काढणे इ. क्रिया तिच्या वर्गातच तयार असतात. भाषा शिकणाऱ्याला त्या सहज सापडतात. परंतु त्या नेमके काय मोजतात, हे पाहणे आवश्यक असते. उदा., नागपूरमधील ‘जरीपटका’ या वस्तीचे नाव वाचकाला पाच अक्षरी दिसते. युनिकोडमध्ये मात्र ते ज, र, दुसरी वेलांटी, प, ट, क व काना अशा सात संकेतांकांनी लिहिले जाते. त्यामुळे लांबी ७ येते. यूटीएफ-८ पद्धतीने साठविल्यास त्याला २१ बाइट लागतात. पहिले दोन संकेतांक कापून घेतल्यास ‘जरी’ऐवजी ‘जर’ मिळते. संकेतांकांचा क्रम उलटविल्यास काना आरंभी निराधार राहतो व वेलांटी ‘प’ला लागते. ठरावीक लांबीच्या रकान्यात व्यक्तींची नावे छाटतानाही असाच अर्थभेद संभवतो. जावातील ब्रेकइटरेटर या वर्गाच्या साहाय्याने अक्षरांच्या सीमा शोधून हा दोष टाळता येतो. इंग्रजी मजकुरावर अचूक ठरलेली क्रिया मराठीसाठी योजण्यापूर्वी स्वरचिन्हयुक्त शब्दांवर तपासून घेणे इष्ट असते.