दाबलेल्या हवेचा हिशेब

विजेची मोटार घ्यावी असे मनात असूनही ती रात्री उभी करावी कोठे आणि तिला जोडावयाची तार कोणत्या खिडकीतून सोडावी, या विवंचनेत असलेल्या वरळीच्या चाळकऱ्याला, चार-पाच मिनिटांत हवेने टाकी भरून घेणाऱ्या वाहनाची कल्पना मोहक वाटावी, यात नवल नाही. ही कल्पना मुंबईला अगदीच परकी आहे असेही नव्हे. फोर्टातील बॉम्बे हाऊसमधून कारभार पाहणाऱ्या टाटा मोटर्सने २००७ साली एमडीआय या हवेची इंजिने बनवणाऱ्या कंपनीशी करारनामा केला. तिचे संस्थापक गी नेग्र हे शर्यतीच्या मोटारींची इंजिने घडवण्यात वाकबगार असे फ्रेंच अभियंते होते. दोन गाड्यांत हवेचे इंजिन चालवून पाहिल्याचे आणि पहिला टप्पा पुरा झाल्याचे टाटांनी मे २०१२ मध्ये जाहीर केले. २०१६ साली नेग्र निवर्तले. मुंबईच्या रस्त्यावर मात्र ती मोटार विक्रीस आलीच नाही.

वास्तविक उच्च दाबाखालील वायू झटपट भरून घेण्याचा प्रकार आपल्या टॅक्सीवाल्यांच्या नित्य परिचयाचा आहे. सीएनजीच्या पंपावर उतारूला खाली उतरवतात, बॉनेट उघडतात, नळी जोडली की फुस्स आवाज होतो आणि काही मिनिटांत सिलिंडरातील दाब २०० बारच्या घरात जातो. तेथला कॉम्प्रेसर आधीच राबून मोठ्या नळकांड्यांतून वायू साठवून ठेवतो, आणि टॅक्सी त्या साठ्यातून केवळ आपला वाटा उचलते. म्हणूनच हे इतक्या लवकर साधते. हवेची मोटारही ३०० बारच्या साठ्यावरून अशीच भरता येते. असा साठा नसेल आणि गाडीतलाच छोटा कॉम्प्रेसर घरच्या विजेवर चालवावयाचा असेल, तर मात्र काही तास खोळंबावे लागते.

शिवाय घाईला उष्णतेचा दंड असतो. टाकीत वेगाने शिरणारी हवा आतल्या हवेला दाबते व तापवते. काटा ३०० दाखवतो, पण टाकी निवली की तो खाली उतरतो, म्हणजे भरलेली वाटणारी टाकी काहीशी रिकामीच राहिलेली असते. कॉम्प्रेसरात निर्माण झालेली उष्णता तर वाऱ्यावरच गेलेली असते. गाडी चालताना याच्या उलट घडते: प्रसरण पावणारी हवा इतकी थंड होते की तिच्यातील बाष्पाचा बर्फ होऊन झडपा अडू शकतात. वरळीच्या समुद्रकाठची उष्णता इंजिनाला उपकारक खरी, पण तेथला दमटपणा तितकाच अपकारक. पावसाळ्यात हवा दाबण्यापूर्वी आणि दाबतानाही ती कोरडी करण्याचा खर्च वेगळा.

आता पदरात काय पडते ते पाहू. ३०० लिटरच्या टाकीत ३०० बारने कोंडलेल्या हवेपासून, सर्व काही आदर्श घडले तरी, सुमारे १२ युनिट काम मिळेल. एका लिटर पेट्रोलात सुमारे ९ युनिट ऊर्जा असते. पेट्रोलचे इंजिन त्यातील बरीचशी वाया घालवते हे कबूल, पण हवेचे इंजिनही आदर्श नसतेच, आणि त्या १२ युनिटांसाठी कॉम्प्रेसरने खाल्लेली वीज त्याहून पुष्कळ अधिक असते. २००९ साली क्रॉइत्सिग या संशोधकाने व सहकाऱ्यांनी हवेच्या मोटारींच्या केलेल्या अभ्यासातही ऊर्जेच्या हिशेबात बॅटरीची मोटारच सरस ठरली.

तरीही हवेवरची वाहने चाललीच नाहीत असे नव्हे. मुंबईत घोडे ट्रामा ओढत होते त्या काळात, १८७९ साली, फ्रान्समधील नांत शहरात मेकार्स्की यांच्या हवेवरच्या ट्रामा धावू लागल्या. हवा गरम पाण्याच्या पात्रातून नेऊन ती गारठण्याची अडचण त्यांनी सोडवली होती. ठरलेला मार्ग, ठरलेले अंतर आणि टोकाला भरण्याची सोय, एवढ्या अटींवर त्या चालल्या. माझ्या मते आजही हवेच्या वाहनाची मर्यादा तीच आहे: गोदीच्या आवारात किंवा कारखान्याच्या हद्दीत फिरणारी छोटी गाडी हवेवर सुखाने चालेल, परंतु वरळीहून निघून सायंकाळपर्यंत कोठेही जावयाची तयारी ठेवणाऱ्या टॅक्सीवाल्याला दिवसातून किती वेळा पंपावर रांग धरावी लागेल, हा हिशेब त्याने गाडी घेण्यापूर्वीच मागावा.